पट्टी कोरी, नळी नारिंगी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक महोदय. प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या आणि एकेकाळी माझ्याशी भर जिन्यात भांडलेल्या बालविभागाच्या मोठ्या डॉक्टर. त्यांच्या शेजारी बसलेल्या मेट्रन. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतले माझे सोबती. सर्व डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातले मामा आणि मावश्या. माझ्या घरची मंडळी आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या फार्मासिस्टनी ते मला तीनदा बजावलं, शेवटचं तर पायरी चढताना. चौतीस वर्षं मी घड्याळ लावून नळ्या उकळल्या आहेत, त्यामुळे दहा मिनिटं म्हणजे किती, हे मला कुणी सांगायला नको. आज मात्र मी ती पाळणार नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे यजमान पुढच्या रांगेतून हातानं ‘सबुरीनं’ अशी खूण करताहेत. त्यांना माहीत आहे मी काय बोलणार आहे ते.

मघाशी मानपत्र वाचलं गेलं. शब्द फार सुंदर होते, मलाच कळेना की ही बाई कोण. त्यात लिहिलंय की मी कधी उशिरा आले नाही. हे खोटं आहे, पण चालेल. त्यात लिहिलंय की रुग्णालयभर मला ‘निळ्या बाई’ म्हणतात. हे खरं आहे. आणि त्यात लिहिलंय की सतरा वर्षांपूर्वी एका पाच दिवसांच्या मुलीचा जीव मी एका निळ्या द्रावणाच्या जोरावर वाचवला. तेही खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं मी आजपर्यंत या इमारतीत कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे, आणि त्यानंतर अध्यक्ष महोदयांना एक विनंती करणार आहे. विनंती सगळ्यांसमक्ष केली की माणूस अडचणीत येतो, हे मला कळतं. अडचणीत आणायचाच माझा विचार आहे.

पण आधी थोडं रसायनशास्त्र. कुरकुर नको. मागच्या रांगेतले शिकाऊ डॉक्टर मोबाइल काढताहेत, ते मला इथून दिसतंय.

मी या नोकरीत रुजू झाले त्या दिवशी आमच्या तेव्हाच्या वरिष्ठ तंत्रज्ञांनी माझ्या हातात एक टेस्टट्यूब दिली. स्वभावानं करडे, बोलण्यात कमी. आम्ही त्यांना ‘दादा’ म्हणायचो. म्हणाले, “यात साखर आहे का बघ.” मी बेनेडिक्टचं द्रावण घेतलं, तेच ते निळं पाणी. पाच मिलिलिटर, त्यात आठ थेंब नमुना, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात. साखर असली की निळ्याचं हिरवं होतं, मग पिवळं, नारिंगी, आणि खूपच असेल तर विटेसारखं लाल. माझं निळं ते निळंच राहिलं. मी ऐटीत सांगितलं, “साखर नाही.” दादांनी ती मूळची नळी तोंडाला लावली आणि पिऊन टाकली. म्हणाले, “चांगली गोड आहे की. चहातली साखर विरघळवली होती मी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी मला बसवून सांगितलं. या निळ्या पाण्यात तांबं असतं. काही साखरांच्या रेणूचं एक टोक मोकळं असतं, ते टोक तांब्याला इलेक्ट्रॉन देतं, आणि तांब्याचा रंग पालटतो. आपली चहातली साखर म्हणजे दोन लहान साखरा एकमेकींना अशा जोडलेल्या की दोघींचीही मोकळी टोकं त्या जोडात अडकून गेलेली. तांब्याला द्यायला तिच्याकडे काही नाही. ती गोड आहे, पण या नळीला दिसत नाही. दादा म्हणाले, “कुठल्याही तपासणीला काय दिसतं ते सगळेच शिकतात. काय दिसत नाही, ते तू शीक.”

हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि तरीही.

मंडळी, तुमच्या-माझ्या शरीरात भरलेलं असं काय आहे? कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, थोडा नायट्रोजन, चिमूटभर गंधक आणि फॉस्फरस. एवढ्या मोजक्या सामानात सगळा संसार. शरीर लहान तुकडे घेतं आणि एकाला एक जोडत जातं. दर जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. साखरेला साखर जोडत गेलं की पिष्ट होतं, अमिनो आम्लं जोडत गेलं की प्रथिन. आपण खातो तेव्हा हेच उलटं चालतं, दर जोडात पाण्याचा रेणू परत घालून तो सोडवायचा. हे जोडणं-सोडवणं करणारी जी कारागीर प्रथिनं, ती म्हणजे एन्झाइम. आणि त्यांचा स्वभाव म्हणाल तर कमालीचा चोखंदळ. एक एन्झाइम, एक काम. दुसऱ्या रेणूकडे ते ढुंकून बघणार नाही.

आता दूध. दुधातली साखरही जोडीनंच असते, पण यातल्या दोघींपैकी एक ग्लुकोज आणि दुसरी गॅलॅक्टोज. दोघींमध्ये प्रत्येकी सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. वजन एकच. फरक कुठे? कार्बनांची माळ उभी धरा आणि वरून मोजत या. चौथ्या कार्बनवरचा ऑक्सिजनचा हात ग्लुकोजमध्ये उजवीकडे असतो, गॅलॅक्टोजमध्ये डावीकडे. बस्स. हा असा, आणि हा असा. हसा, हसा, या वयात मी स्टेजवर कवायत करतेय. पण एवढ्याशा फरकावर एक मूल जगतं किंवा जातं, म्हणून करतेय.

कारण काही बाळं जन्माला येतात तीच गॅलॅक्टोज वापरणाऱ्या एन्झाइमाशिवाय. फार थोडी, पण येतात. दिसायला गुटगुटीत. आई दूध पाजते आणि जगातली सगळ्यात चांगली गोष्ट त्याच्या अंगात साचत जाते. उलट्या, कावीळ, मान टाकणं. दूध थांबवलं नाही तर यकृत हात टेकतं.

आता पट्टीकडे येते. एकोणीस वर्षांपूर्वी आपल्याकडे लघवी तपासायच्या पट्ट्या आल्या. बुडवा, मिनिटभर थांबा, रंग जुळवा. ना बर्नर, ना घड्याळ. मी पट्टीची वैरी नाही, हे इथे स्पष्ट करते. माझ्यामागे मी जुन्या वळणाची आहे असं बोललं जातं. समोर बोलायची कुणाची छाती नाही, ते सोडा. पट्टी खोटं बोलत नाही. पण त्या पट्टीवर जे एन्झाइम बसवलंय, ते फक्त ग्लुकोज ओळखतं. चौथ्या कार्बनचा हात डावीकडे गेला की त्याच्या लेखी ती साखरच नाही.

पट्ट्या येऊन महिना झाला असेल. आम्ही सवयीनं दोन्ही करत होतो, आधी निळी नळी, मग पट्टी. एके दिवशी सकाळी सात दिवसांच्या मुलाचा नमुना आला. माझ्या हातून नळी नारिंगी झाली. पट्टी कोरी.

मी काय केलं? मला वाटलं, नळी नीट धुतली गेली नसावी. आधीचा नमुना मधुमेहाच्या रुग्णाचा होता, तोच राहिला असेल. वाटलं, नवी पट्टी परदेशातून आलेली, ती कशाला चुकेल, चुकले असेन मीच. दोन उत्तरं जुळली नाहीत तर एक खोटं, असं मी धरून चालले. बाटलीत नमुना उरलेला होता. आठ थेंब सहज निघाले असते. पाच मिनिटांचं काम होतं, आणि बाहेर रांग लागली होती. मी ती नारिंगी नळी मोरीत ओतली, नळ सोडला, आणि कागदावर लिहिलं, ‘साखर : नाही.’

मंडळी, ‘ग्लुकोज : नाही’ असं लिहिलं असतं तर ते खरं तरी झालं असतं.

तो मुलगा अकराव्या दिवशी गेला. मला हे तेव्हा कळलंही नाही. तळमजल्यावर आमच्याकडे बाटल्या येतात, माणसं येत नाहीत.

दोन वर्षांनी एका बाळाची आत्या नमुना घेऊन आली. पाच दिवसांची मुलगी. सहसा नातेवाईक बाटली खिडकीत ठेवून जातात. ही गेली नाही. म्हणाली, “बाई, जरा नीट बघाल का? भावाचं पहिलंही असंच होतं. असंच पिवळं पडलं, असंच ओकायचं. तेव्हाही इथेच तपासलं होतं. काही नाही म्हणाले होते.”

मी नळी लावली. नारिंगी. पट्टी बुडवली. कोरी.

तेव्हा मला ती दोन वर्षांपूर्वीची सकाळ आठवली नव्हती, खरं सांगते. फक्त हात थांबला. मी पाकीट फोडून नवी कोरी नळी काढली आणि पुन्हा लावली. नारिंगी. तिसऱ्या नळीत नमुन्याऐवजी साधं पाणी घातलं. निळी ती निळीच. म्हणजे नळी स्वच्छ, द्रावण ठीक, पट्टीही ठीक. दोन्ही उत्तरं खरी होती. बाळाच्या लघवीत साखर होती, आणि ती ग्लुकोज नव्हती.

मग मी नारिंगी नळी, पाण्याची नळी आणि पट्टी घेऊन जिना चढले. आपल्या प्रमुख पाहुण्या तेव्हा नव्या होत्या, औषध आणायला घाईनं वरून खाली येत होत्या. जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, “पट्टीवर साखर नाही ना? मग झालं तर. माझी मुलगी वर सीरियस आहे, वाट सोडा.” वॉर्डातल्या प्रत्येक बाळाला त्या ‘माझी मुलगी’, ‘माझा मुलगा’ म्हणायच्या, अजूनही म्हणतात. मी वाट सोडली नाही. म्हटलं, “ग्लुकोज नाही, डॉक्टर. साखर आहे.” त्या चिडल्या, मी चिडले, आवाज चढले. वॉर्डातल्या मावशी धावत आल्या. मग डॉक्टरांनी नळीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, पाण्याच्या नळीकडे पाहिलं. मागे वळून वर गेल्या त्या दोन दोन पायऱ्या चढत. तिथून ओरडल्या, “हिचं दूध बंद करा. आत्ता.”

दूध बंद झालं, सोयाबीनचं सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मुलीनं डोळे उघडून नीट रडून दाखवलं. मोठ्या प्रयोगशाळेतून पक्कं निदान लेखी आलं ते नवव्या दिवशी. तोवर दूध चालू असतं तर तो कागद कुणाला द्यायचा, हा प्रश्नच पडला असता.

इथपर्यंत मानपत्रात आहे. सन्मानचिन्ह मिळालं, फोटो व्हरांड्यात लागला. आणि त्या गडबडीत एका दुपारी मी जुनी नोंदवही काढली, कारण आत्याचं वाक्य डोक्यातून जाईना. आडनाव सापडलं. तारीख सापडली. पुढे माझं अक्षर. ‘साखर : नाही.’

वही मिटली आणि मी सतरा वर्षं गप्प बसले.

त्या मुलीची आई दर वर्षी तिच्या वाढदिवसाला खाली प्रयोगशाळेत येते. फुलं आणते, मुलीचा फोटो दाखवते. मुलगी बोलायला उशिरा लागली, गणित तिला जड जातं, पण चित्रं अशी काढते की बघत राहावं. आई दर वर्षी म्हणायची, “बाई, तुमच्यामुळे.” आणि मी दर वर्षी “अहो, माझं कामच ते” म्हणून फुलं पाण्यात ठेवायची. मला लाज वाटायची. आज शब्द जुळवून सांगत नाही, मला स्वतःची लाज वाटायची. शिव्या देणाऱ्यासमोर गप्प बसता येतं. आभार मानणाऱ्यासमोर बसवत नाही.

मोठ्या डॉक्टरांना मी मागच्या आठवड्यात हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “तेव्हा कळलं असतं तरी मुलगा वाचलाच असता असं नाही, उशीर झालाच होता.” माझ्या भल्यासाठीच म्हणाल्या. पण मला तो दिलासा नको आहे. सातव्या दिवशी माझ्या हातात नारिंगी नळी होती. मी ती ओतली.

आता विनंती. अध्यक्ष महोदय, सोमवारी तुमच्या टेबलावर नव्या वर्षाच्या साहित्याची यादी सहीला येणार आहे. त्यात निळ्या द्रावणाच्या रसायनांवर काट मारलेली आहे, आणि माझं खिडकीजवळचं टेबल काढून तिथे नवं यंत्र बसणार आहे. यंत्र बसू द्या. उत्तम यंत्र आहे, तासाला दोनशे पट्ट्या वाचतं. पण दोनशे वेळा ते एकच प्रश्न विचारणार. तुम्ही मला म्हणालात, उघड्या बर्नरचा धोका आहे. बरोबर आहे, पाणी तापवायला विजेची शेगडी चालते. तुम्ही म्हणालात, शंका आली तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू. पाठवाच. पण शंका येणार कुणाला? पट्टी कोरी असताना शंका येत नाही, सर. मला आली नव्हती.

निळं द्रावण निदान करत नाही, हेही मी जाणते. काही औषधांनी, क जीवनसत्त्वानंही ते फसतं. ते फक्त सांगतं की इथे काहीतरी आहे, वर जाऊन विचारा. एवढंच त्याचं काम. तान्ह्या बाळाच्या प्रत्येक नमुन्याला एक निळी नळी लावायची, आणि नळी-पट्टी जुळली नाहीत तर कुठलीही ओतायची नाही, दोन्ही लिहायच्या आणि जिना चढायचा. माझ्यानंतर इथे हा नियम हवा. तो माझ्या सवयीवर चालला तोवर चालला. सवयी निवृत्त होतात. सोमवारी माझी होतेय.

ही बाटली मी पिशवीतून आणलीय. मेट्रन, घाबरू नका, सांडणार नाही. ही अध्यक्षांच्या समोर ठेवते. आज सकाळचं ताजं द्रावण आहे, आणि मी बनवलेलं नाही. तळमजल्यावरच्या आमच्या धाकट्या बाईंनी बनवलंय. दोन लेकरांची आई आहे, सहा वर्षं माझी बोलणी खाल्ली आहेत तिनं. मी हात न लावता शेजारी उभी होते. चिठ्ठीवर तिचं अक्षर आहे, तारीख आहे. म्हणजे माणूस तयार आहे. उरली फक्त ती काट.

आभार मानायचे तर यादी लांब होईल. दादा आज नाहीत, त्यांचे मानते. जिन्यात थांबल्याबद्दल मोठ्या डॉक्टरांचे मानते. धावत आलेल्या मावशींचे मानते. यजमानांचे घरी जाऊन मानीन, इथे त्यांना संकोच होईल. बाकी सगळ्यांनी माझी जीभ सोसली, तुमचं ऋण मोठं आहे.

आणि भाषणाच्या शेवटी, काही चुकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणायची रीत आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल, वेळ तर उघड उघड खाल्ला, त्याबद्दल या सभागृहाची क्षमा मागते. पण ती दुसरी चूक तुमच्या अधिकारातली नाही. तिची क्षमा जिथे मागायची तिथे मी पंधरा दिवसांपूर्वी, त्यांच्या घरी जाऊन मागितली. त्या आईच्या स्वयंपाकघरात, स्टुलावर बसून, सगळं सांगितलं. आज इथे सांगायची परवानगीही त्यांच्याकडूनच घेतली. त्या या सभागृहात आहेत. माना वळवू नका, मी दाखवणार नाही, तसं वचन दिलंय.

त्या पाठमोऱ्या झाल्या. गॅस बंद केला. ओट्यावरून फडकं फिरवलं, पुन्हा फिरवलं. मला वाटलं, आता ‘उठा’ म्हणतील, आणि म्हणाल्या असत्या तर मी उठले असते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुम्ही आता निवृत्त होणार ना?”

मी म्हटलं, “हो.”

म्हणाल्या, “मग माफीचं नंतर बघू. ते निळं पाणी तिथे राहणार आहे का, ते आधी सांगा.”

मी म्हटलं, “विचारून सांगते.”

अध्यक्ष महोदय, बाटली तुमच्यासमोर आहे आणि त्या बाई ऐकताहेत. मी त्यांना काय सांगू?